वस्तीतल्या पोरांची वही

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागासमोर एक ऑटो येऊन थांबला. त्यातून तीन मुलं आणि एक मुलगी एका म्हातारीला उचलून आत घेऊन आली. म्हातारी जवळपास बेशुद्ध होती, असंबद्ध काहीतरी पुटपुटत होती. पण माझं लक्ष गेलं ते तिच्या अंगावरच्या ओल्या चादरीकडे. काखेत आणि जांघेत गार पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या, त्यातल्या दोन तर बर्फाच्या. एक मुलगा स्ट्रेचरसोबत चालतानाही पुठ्ठ्यानं वारा घालत होता. "सर, तिले घामच नव्हता. आंग तव्यासारखं तापलं होतं," तो म्हणाला. "आधी ओलं केलं, मग ऑटो बोलावला."

हे शेवटचं वाक्य ऐकायची मी पंचवीस वर्षं वाट पाहिली आहे. विदर्भात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला उष्माघाताचे रुग्ण नवे नाहीत. नवतपात तर रोजचेच. पण ते येतात कसे? दुपट्ट्यात गुंडाळलेले, बंद गाडीत कोंबलेले, वाटेत कुणाकडे तरी तापाचं इंजेक्शन टोचून घेतलेले, आणि दोन-अडीच तास उशिरा. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर जातं आणि मेंदूचं काम बिघडतं. माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. ही स्थिती जितका वेळ टिकते तितकं मूत्रपिंड, यकृत, हृदय, मेंदू यांचं नुकसान वाढत जातं. म्हणून 'आधी थंड करा, मग हलवा' हा नियम. पॅरासिटामॉल इथे काही कामाचं नाही. साध्या तापात मेंदूनंच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवलेलं असतं, ते ती गोळी खाली आणते. उष्माघातात मेंदू जागच्या जागी असतो, उष्णता बाहेर टाकायची वाट बंद झालेली असते. तिथे लागतं पाणी, वारा आणि बर्फ. तोंडात पाणी ओतायचं नाही, बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं. पाणी अंगावर.

आजी वाचल्या. पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. केसपेपरवर आम्ही काय काय दिलं ते सगळं लिहिलेलं आहे. त्या पोरांनी पहिल्या वीस मिनिटांत जे केलं, त्यासाठी केसपेपरवर रकाना नाही.

ही मुलं कोण, ते मला नंतर कळलं. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीतली. चौदा एप्रिलच्या जयंतीला चौकात पाण्याचे ड्रम आणि मठ्ठा ठेवणाऱ्या समितीतली काही, शेजारच्या आळीतल्या गणेश मंडळातली काही. कुणी आयटीआयला, कुणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एक जण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. 'हवामान बदल' हा शब्द त्यांच्या तोंडी मी फार कमी ऐकला. ते म्हणतात, "ऊन वाढलं." आणि त्यांच्याकडे एक वही आहे.

शंभरपानी, साधी. त्यात वस्तीतल्या घरांची यादी. प्रत्येक घरापुढे काही खुणा: छत पत्र्याचं की स्लॅबचं, घरात कूलर आहे की नाही, एकटं राहणारं म्हातारं माणूस आहे का, तान्हं बाळ आहे का, कुणी वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातं का, कुणाला लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची औषधं चालू आहेत का. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून घेतलं. यातली काही औषधं अंगातलं पाणी कमी करतात, काही घामच कमी करतात, आणि अशा माणसाला उन्हाचा फटका लवकर बसतो. (वाचकांपैकी कुणी ही औषधं घेत असेल तर कृपा करून हे वाचून गोळ्या बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, गरज वाटली तर ते उन्हाळ्यापुरता डोस बदलतात.) हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा आला की दुपारी आणि रात्री ठरलेली जोडी ठरलेल्या घरांची कडी वाजवते. "आजी, पाणी पिलं का?" एवढंच विचारायचं. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

यात मला थोर काही दिसलं नसतं, मीही 'चांगलं काम करताय' म्हणून पाठीवर थाप मारून मोकळा झालो असतो. पण त्या मुलीनं आणखी एक प्रश्न विचारला.

आजींना घरी सोडलं त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. तिच्या वडिलांच्या मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, काही वर्षांपूर्वीचं. मरणाचं कारण: हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. "सर, त्या दिवशी बाबा वीटभट्टीवरून आले होते. दुपारी उलटी झाली, मग बरळाले लागले. इथे आणलं तर हे लिहून दिलं. भट्टीवाला म्हणे, हार्टचं दुखणं होतं, त्याले आम्ही काय करावं." जरा थांबून तिनं विचारलं, "ऊन लागून मेले, हे कुठं लिहितात?"

कागदाखाली सही माझी होती.

मला तो रुग्ण आठवला नाही. हे मी लपवत नाही. त्या काळात दुपारच्या पाळीत किती तरी जण आणले जायचे, काही दाराशीच संपलेले. पण मी काय केलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण आम्ही सगळे तेच करत आलो. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुना चारमध्ये कारणं एकाखाली एक लिहायची असतात: सगळ्यात वर मृत्यूचं तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे घडलं ते, आणि त्याखाली त्याच्याही मुळाशी असलेलं कारण. हृदय बंद पडणं हे कारणच नव्हे. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही शिकवतो आणि रात्री दोन वाजता स्वतः तेच लिहून खाली सही ठोकतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नैसर्गिक उष्णतेमुळे आलेल्या मृत्यूला स्वतंत्र संकेतांक आहे, एक्स ३०. मी आयुष्यात तो किती वेळा लिहिला असेल? एका हाताची बोटं पुरतील.

शरीराचं तापमान नोंदवलेलं नसतं, आणणाऱ्यांना विचारलेलं नसतं, उष्माघात लिहिला की शवविच्छेदन, पोलीस, वरिष्ठ कार्यालयाचे फोन. त्यापेक्षा हृदयविकार सोपा. तो खोटाही नसतो. उन्हात हृदय दुप्पट राबतं, आधीच कमजोर असलेलं हृदय त्यात बंद पडतं. अशा रीतीनं ऊन आपल्या हातानं क्वचितच मारतं, ते दुसऱ्याच्या नावावर मारतं. पण त्या बाईंना, म्हणजे त्या मुलीच्या आईला, नुकसानभरपाईचा अर्ज करायलाही तोंड राहिलं नाही. आणि सरकारच्या तक्त्यात त्या दिवशी आमच्या तालुक्यात उष्म्याचे बळी शून्य.

मोजलं की काय दिसतं, याचं उदाहरण अहमदाबादचं आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनी 'उष्माघात' असा शिक्का असलेले मृत्यू मोजत न बसता, त्या महिन्यात एकंदर किती माणसं गेली आणि आसपासच्या वर्षांत त्याच महिन्यात किती गेली होती, याचा फरक काढला. तो निघाला १,३४४. एका शहरात, एका महिन्यात. त्यातून २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. आधी आकडा, मग आराखडा. आमच्याकडे आराखडे आले, आकडे यायचे आहेत.

दुसरं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो, ते शिकागोचं. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेच्या लाटेत ७३९ जादा मृत्यू झाले. श्रीमंत देश, सुसज्ज रुग्णालयं. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं नंतर दोन शेजारच्या वस्त्यांची तुलना केली, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. मध्ये जवळजवळ फक्त एक रस्ता. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं. ऊनही तेच. पण उत्तरेकडच्या वस्तीत लाखामागे चाळीस मेले, दक्षिणेकडच्या वस्तीत चार. फरक रस्त्यावरच्या वर्दळीचा निघाला. दक्षिणेकडे दुकानं, बाजार, येणं-जाणं होतं. म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, न दिसल्यास कुणीतरी डोकावत होतं. उत्तरेकडे ओस पडलेले भूखंड आणि गुन्हेगारीची भीती. लोक दारं-खिडक्या बंद करून आत बसले आणि आतच गेले. चार वर्षांनी पुन्हा लाट आली तेव्हा शहरानं माणसं दारोदार पाठवली, आणि मृत्यू बरेच कमी झाले.

कडी वाजवणं म्हणजे काय, ते इथे कळतं. आमच्या रुग्णालयातला उष्माघात कक्ष चांगला आहे. दोन कूलर, बर्फ, सलाइन, सगळं. पण त्याचा दरवाजा बाहेरून आत उघडतो. जो येतो त्याच्यासाठी तो आहे. जी म्हातारी दुपारी दोन वाजता पत्र्याखाली गप्प पडून आहे तिच्यापर्यंत तो जात नाही, पोरांची जोडी जाते.

आता पत्र्यांविषयी, कारण या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ आणि घाम तिथे गेला. कुणीतरी दिलेला एक साधा तापमापक घेऊन त्यांनी घरोघरी नोंदी केल्या. त्यातून त्यांना जे कळलं ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण वस्तीत कधी पाहिलं नव्हतं. पत्र्याचं घर दुपारची भट्टी असतं आणि सिमेंटच्या स्लॅबचं घर रात्रीची. पत्रा पटकन तापतो आणि अंधार पडला की पटकन निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता पीत राहतो आणि रात्रभर ती घरात सोडतो. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन थकलेल्या हृदयावर पडतं, तिसऱ्या दिवशीचं आणखी थकलेल्या. लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्याकडे गर्दी वाढते ती यामुळे. पंख्यानं भागतं असं लोकांना वाटतं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. चाळिशीच्या वर निव्वळ पंख्यावर भिस्त ठेवू नका, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अंग ओलं करून पंख्यासमोर बसलं तर मात्र फायदा होतो, कारण गारवा देतं ते पाण्याचं वाफ होणं.

मग छतं पांढरी करायचं ठरलं. अहमदाबादेत हे झालेलं आहे, तेलंगणानं तर २०२३ मध्ये यासाठी राज्याचं धोरणच आणलं. पांढरं छत ऊन परतवतं आणि खालची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी कमी तापते. पहिल्या वर्षी पोरांनी स्वस्तातला चुना लावला, फेविकॉल घालून. स्लॅबवर तो बरा बसला. पत्र्यावर तो पहिल्या वळवात निम्मा वाहून गेला, आणि ज्या घरांनी पन्हाळीखाली बादल्या लावल्या होत्या त्यांचं पाणी पांढरं झालं. बायकांनी पोरांची चांगलीच हजेरी घेतली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पत्र्यासाठी उष्णता परतवणारा तयार रंग घ्यायचं ठरवलं, तो महाग. गणपतीच्या वर्गणीतून काही पैसे बाजूला काढले, मिरवणुकीतला डीजे बंद केला. यावरून मंडळात भांडण झालं, दोघं सोडून गेले, त्यातला एक परत आला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा कामाच्या बातम्या वाचताना वाटतं की तरुणाई एका सुरात गात निघाली आहे. तसं काही नसतं. वर्गणी, रुसवे, उन्हात चढलेल्या शिड्या आणि अधूनमधून एखादं पांढरं छत.

पाच जूनला लावलेली झाडं? ती त्यांनीही लावली होती. पाहुणे आले, फोटो झाले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नव्हतं. माझं झाडांशी वैर नाही. रस्त्याकडेचा मोठा कडुनिंब आमच्या दोन सलाइनच्या बाटल्यांच्या तोडीचा आहे. पण तो कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी लावला आणि जपला म्हणून. आज लावलेलं रोप या मे महिन्यातल्या म्हातारीला वाचवणार नाही. तिला वाचवायला पांढरा पत्रा, ओली चादर आणि दार वाजवणारं कुणीतरी हवं. असलेला कडुनिंब रस्ता रुंद करताना तोडू दिला नाही, तर तेही हवंच. ते या पोरांनी एकदा केलं, अर्ध्या झाडापुरतं. अर्धं तुटलं, अर्धं राहिलं.

माझे एक ज्येष्ठ सहकारी या सगळ्याला हवामान कृती म्हणायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं की यानं वातावरणातला एक ग्रॅम कार्बनही कमी होत नाही. आजार एकीकडे आणि मलमपट्टी दुसरीकडे. मला हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. २०२४ हे जगाच्या नोंदीतलं पहिलं कॅलेंडर वर्ष, ज्यात सरासरी तापमान औद्योगिक काळाआधीच्या पातळीपेक्षा दीड अंशाहून जास्त वर गेलं. भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत ते सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. छतं रंगवून हा आलेख वाकणार नाही. आमच्या भागातच कोळशाच्या खाणी आहेत आणि कोराडी, खापरखेड्यापासून चंद्रपूरपर्यंत औष्णिक वीज केंद्रं आहेत. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट. ती वीज राज्यभर जाते आणि वातानुकूलित खोल्या थंड ठेवते. राख आणि ऊन इथे राहतं. ज्या घरात एक पंखा आणि दोन बल्ब आहेत त्या घरातल्या पोराला 'तू कार्बन कमी कर' म्हणून सांगायला मी तरी धजावणार नाही.

पण सहकाऱ्यांना माझं उत्तर वेगळं आहे. रुग्णाचा रक्तस्राव चालू असताना आम्ही आधी तो थांबवतो. मूळ दुखण्याचं ऑपरेशन त्यानंतर होतं आणि तेही करावंच लागतं. दोन्ही वैद्यकच. शिवाय लहान जागी सुरू झालेलं काम कुठवर जाईल ते आधी सांगता येत नाही. प्रशांत महासागरातल्या वानुआतू या छोट्या बेटांच्या देशात २०१९ मध्ये कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गात एक कल्पना मांडली: हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे जगातल्या सर्वोच्च न्यायालयालाच का विचारू नये? त्यांनी पत्रं लिहिली, आपल्या सरकारचा पाठपुरावा केला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो ठराव एकमतानं संमत केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर बांधिलकी आहे. ते मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, त्यानं उद्या एकही चिमणी बंद पडणार नाही, हे खरं. पण सुरुवात एका वर्गातली होती. आमच्या वस्तीतल्या मुलीचा "हे कुठं लिहितात?" हा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. तो कार्बनचा नाही, हिशेबाचा आहे. बळी मोजलेच नाहीत तर कुठल्या धोरणाला घाई वाटेल?

ऊन म्हणजे फक्त विदर्भ, असंही कुणी समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या भागातलं तापमान चाळिशीच्या आतच होतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम शरीराला गार करत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागासाठी चाळीस अंश आणि किनारपट्टीसाठी सदतीस असा वेगळा ठेवतं. पुण्या-मुंबईच्या गणेश मंडळांनाही वहीची गरज आहे, फक्त रकाने थोडे बदलतील.

आता एक तक्रार. ती पोरांविषयी नाही, त्यांचं कौतुक करणाऱ्यांविषयी आहे. गेल्या वर्षी या मुलांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, 'हवामान योद्धा' लिहिलेले टी-शर्ट. मंचावर मीही होतो. भाषणं झाली की तरुणांनी आता पुढाकार घ्यायला हवा. पुढाकार त्यांनी घेतलेलाच होता, मागे कोण उभं राहणार हा प्रश्न होता. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेनं २०२३ मध्ये देशातल्या ३७ उष्णता कृती आराखड्यांचा अभ्यास केला. धोक्यात कोण आहे याची नीट पाहणी त्यातल्या फक्त दोन आराखड्यांनी केली होती. पैसा कुठून येणार याची चर्चा ११ आराखड्यांत होती. बाकीच्यांत जनजागृती, पाणपोया आणि 'संबंधित विभागाने कार्यवाही करावी'. म्हणजे ज्या पाहणीला राज्यं आणि शहरं चुकली ती आमच्या पोरांनी शंभरपानी वहीत केली. आणि आपण त्यांना टी-शर्ट दिला.

मुलांवर सगळं सोडून देण्यात धोकाही आहे, तो डॉक्टर म्हणून मला जास्त दिसतो. कडी वाजवायला दुपारी दोनला बाहेर पडणाऱ्यालाही ऊन लागतंच. एकदा त्यातल्या एका मुलाच्या पायात गोळे आले, उलट्या झाल्या. तो आमच्याकडे दिवसभर होता. मी त्यांना चांगलंच रागावलो. आता फेरी दुपारी बारा ते चार या वेळात फोनवर होते, फोन न उचलणाऱ्याच्याच घरी दोघांनी जायचं, डोक्याला ओला दुपट्टा, खिशात ओआरएसची पुडी. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी-मुर्धी नाही. साखर घातलेलं रंगीत पाणी ओआरएस नव्हे, हे इथे सांगून ठेवतो.

दुसरा धोका मनाचा. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. ५९ टक्के तरुणांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका अभ्यासात असं दिसलं की ही काळजी आणि नैराश्य यांचा संबंध, इतरांबरोबर मिळून काही करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये कमी होता. एकट्यानं घरात प्लास्टिक टाळण्यासारख्या कृतींनी तो कमी झालेला दिसला नाही. माझ्यासमोरची ही मुलं पाहताना ते पटतं. पण उलटही घडतं. वहीतल्या एका म्हाताऱ्या बाबांचं निधन झालं तेव्हा ती ज्याची फेरी होती तो मुलगा आठवडाभर कुणाशी बोलला नाही. त्याला वाटत होतं, त्याच्यामुळे गेले. एकोणीस वर्षांच्या मुलानं वाहण्याजोगं हे ओझं नाही. आशा ताई, नर्सताई, वॉर्डातला आरोग्य कर्मचारी त्या फेरीत असते तर ते ओझं वाटलं गेलं असतं.

त्या मुलीच्या वडिलांच्या कागदाचं मी काही करू शकलो नाही. इतक्या वर्षांनी, नोंदीत तापमान नसताना, कारण बदलता येत नाही. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. तिनं कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला. त्यानंतर आमच्या विभागात एक साधी गोष्ट सुरू केली आहे: मार्च ते जुलै, बेशुद्ध किंवा मृत आणलेल्या प्रत्येकाच्या गुदद्वारातलं तापमान आल्या आल्या नोंदवायचं आणि आणणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा, की गेल्या सहा तासांत माणूस कुठे होता. यासाठी कुठलाही निधी लागत नाही. केंद्राच्या हवामान बदल व मानवी आरोग्य कार्यक्रमाच्या सूचनांप्रमाणे उष्म्याच्या रुग्णांची रोजची माहिती पाठवायचीच असते. पाठवतो तेव्हा रकाने आता पूर्वीइतके शून्य नसतात. याबद्दल मला एकदा वरून विचारणाही झाली, की तुमच्याकडेच एवढे कसे.

वही आता तिसरी चालू आहे. ती मुलगी नर्सिंगला गेली, वही तिच्या धाकट्या भावाकडे आहे. यंदा मुलांना वाटलं, वस्तीत कोण एकटं राहतं हे आपल्याला माहीत आहे, पण शहराच्या बाकी वॉर्डांत? श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचं मानधन घेणाऱ्या वृद्धांची यादी सरकारकडे असतेच. ती मुलांच्या हातात देता येणार नाही, खासगी माहिती आहे, हे मलाही मान्य. म्हणून अर्ज असा केला की यादी कर्मचाऱ्यांकडेच राहू द्या, फक्त इशाऱ्याच्या दिवशी वॉर्डातल्या एका कर्मचाऱ्यानं मंडळाच्या मुलांसोबत त्या घरांची कडी वाजवावी. अर्जावर मुलांच्या सह्या आहेत, खाली माझी आहे. तो ९ मार्चला दिला, पोच घेतली. अजून उत्तर आलेलं नाही. नवतपा २५ मेला सुरू होतो.